शेंगदाण्याची ॲलर्जी: रक्ताची टेस्ट, स्किन टेस्ट की दवाखान्यात खाऊन बघायचं?

पोरानं शेंगदाणे खाल्ले आणि अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, आता कुठली टेस्ट करू, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आपल्या कोल्हापुरात घरात कूट-चटणी, बाहेर भेळ-भडंग, दाणा नाही असं काही शोधावंच लागतं, त्यामुळं ॲलर्जी नसताना जन्मभराचं पथ्य लावणं हा पोरावर अन्याय आहे आणि असताना दुर्लक्ष केलं तर जिवाशी खेळ.

आत काय होतं ते आधी बघू. शरीर शेंगदाण्याच्या प्रोटीनविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी बनवतं, ती कातडी-आतड्यातल्या मास्ट पेशींवर आणि रक्तातल्या बेसोफिल पेशींवर जाऊन बसते, मग पुढच्या वेळी दाणा पोटात गेला की या पेशी हिस्टामीन सोडतात आणि सगळा गोंधळ सुरू होतो.

रक्ताच्या टेस्टमधे फक्त आयजीई मोजतात, पेशी खरंच भडकणार का ते कळत नाही. आकडा 0.35 (kU/L) च्या वर आला की रिपोर्टवर पॉझिटिव्ह येतं, पण अशी कितीतरी पोरं दाणे आरामात खातात! आकडा मोठा म्हणजे ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, रिॲक्शन किती जोरात येईल ते त्यावरून ठरत नाही. फायदा एवढाच की ॲलर्जीची गोळी चालू असली तरी करता येते. करणारच असाल तर अरा एच 2 या प्रोटीनची वेगळी टेस्ट होते का विचारा, खऱ्या ॲलर्जीचा अंदाज त्यातून जास्त चांगला येतो.

माझं मत आधी स्किन टेस्टला, कारण तिथं जिवंत मास्ट पेशी काय करतात ते डोळ्यांनी दिसतं. हातावर पेनानं खुणा करून शेंगदाण्याच्या अर्काचा थेंब, शेजारी तुलनेसाठी सलाईनचा आणि हिस्टामीनचा, प्रत्येकाला बारीक टोचतात आणि 15-20 मिनिटांनी गांध पट्टीनं मोजतात, सलाईनपेक्षा 3 मिमी किंवा जास्त मोठी असली तर पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आली तर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, पॉझिटिव्ह आली तर मात्र आधी काय झालं होतं त्याच्याशी जुळवूनच बघायचं. ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद लागतात, किती ते डॉक्टर सांगतील.

बेसोफिल टेस्ट भारी आहे, ताज्या रक्तात अर्क घालून पेशी भडकतात का ते मशीनवर बघतात, पण रक्त लगेच तपासावं लागतं आणि काहींच्या बेसोफिल प्रतिसादच देत नाहीत. तिच्या मागं धावू नका.

तरी शंका राहिली तर शेवटचा निकाल ओरल चॅलेंजचा, म्हणजे थोडं थोडं वाढवत खायला देऊन लक्ष ठेवणं. हे हॉस्पिटलमधेच, ॲड्रेनालीन (जोराच्या रिॲक्शनवरचं इंजेक्शन) हाताशी ठेवून. घरी कधीच करू नका, प्लीज.

आयजीजी (आयजीईपेक्षा वेगळी अँटीबॉडी) मोजणाऱ्या टेस्टच्या पॅकेजवर पैसे घालवू नका, ती दाणे सुखानं पचवणाऱ्यांतही असते.

निकाल लागेपर्यंत चिक्की, भडंग आणि घाण्याचं शेंगतेलसुद्धा बंद, त्यात प्रोटीन राहतं. श्वास लागला, आवाज बसला, पोर गळून गेलं तर सिट्रीझीनसारखी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, थेट जवळचं हॉस्पिटल गाठा, तिथं आधी मांडीत ॲड्रेनालीन लागतं.