गिट लॉगचं -एस आणि -जी : काही महिन्यांच्या वापरानंतर

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. फाइलमध्ये आत्ता असलेल्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला, एवढंच गिट ब्लेम सांगतं. उडवलेली ओळ त्याला दिसत नाही. ती कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) गेली हे शोधायला 'गिट लॉग -एस' हवं (एस कॅपिटल, स्मॉलचा अर्थ निराळा). जुन्या, मोठ्या कोडबेसवर मला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. पण ते नेमकं काय मोजतं हे माहीत नसेल तर हमखास चकवतं.

शोधायला दिलेला मजकूर फाइलमध्ये कमिटआधी किती वेळा होता आणि नंतर किती वेळा आहे, हे -एस पाहतं. संख्या बदलली तरच कमिट दाखवतं. 'टाइमआउट = 30' चं 60 झालं आणि शोधताना नुसतं 'टाइमआउट' दिलं, तर काहीच हाती लागत नाही, कारण एक गेलं, एक आलं, संख्या तीच. ओळ त्याच फाइलमध्ये खालीवर हलवली तरी तेच. अशा वेळी -जी (हाही कॅपिटल) वापरा. ते डिफमधल्या (आधीच्या-नंतरच्या फरकातल्या) घातलेल्या-काढलेल्या ओळींवर रेजेक्स (मजकुराचा नमुना) चालवतं, त्यामुळे हा बदल सापडतो. मात्र नुसतं इंडेंटेशन बदललेल्या कमिटही येतात, म्हणून आधी -एस आणि नंतरच -जी.

जोडीला --ऑल (सगळ्या ब्रँचमध्ये शोधायला) आणि --वनलाइन (कमिट एकेका ओळीत दिसायला) द्या. --रिव्हर्स दिलं की मजकूर पहिल्यांदा आला ती कमिट वर येते. डिफ पाहायला -पी. मजकूर सिंगल कोटमध्येच ठेवा, नाहीतर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) डॉलरचं चिन्ह स्वतःच खाऊन टाकतं. डिलीट झालेल्या फाइलचा पाथ देताना त्याआधी सुटे दोन हायफन हवेतच. पाथ दिला की गिट इतिहास छाटतं, तेव्हा --फुल-हिस्टरी जोडा.

सगळ्यात जास्त वेळ मर्ज (दोन ब्रँच एकत्र करणाऱ्या कमिट) खातात. कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडच्या बदलांची टक्कर) सोडवताना उडालेली ओळ साध्या शोधात येत नाही, कारण गिट लॉग मर्ज कमिटचा डिफ मुळात काढतच नाही. -एम (हा स्मॉल) दिल्यावर येते, पण मग तेच बदल दोनदा दिसतात. ते सहन करावं लागतं.

शॅलो क्लोनवर (फक्त अलीकडचा इतिहास उतरवलेल्या प्रतीवर) शोधूच नका. तिथली सगळ्यात जुनी कमिटच सगळा मजकूर घेऊन आल्यासारखी दिसते आणि दोष भलत्याच्याच माथी जातो. आधी 'गिट फेच --अनशॅलो' करा. ब्लॉब (फाइलींचा साठवलेला मजकूर) वगळून केलेल्या पार्शल क्लोनवर उत्तर बरोबर येतं, पण जुना एकेक ब्लॉब सर्व्हरवरून आणताना शोध रखडतो.

एकाच फंक्शनचा इतिहास हवा असेल तर -एस आणि -जी या दोन्हींपेक्षा -एल (हाही कॅपिटल) सरस.