सफोक पंच घोडी: आठ महिने कामाला लावल्यानंतर

सफोक पंच ही शेतात ओढकामाला लावायच्या भारी घोड्यांची इंग्लंडातली जात. घोडी घेण्याआधी मराठीत शोधलं तर काहीच सापडलं नाही म्हणून लिहितोय. इंग्लंडात सफोकमधे आमचा तीन एकर भाजीपाला आहे, जमीन चिकट, पाऊस झाला की आपल्याकडच्या काळ्या रानासारखी, पाय उचलला तर बूट तिथेच राहतो. ट्रॅक्टर रुततो, नाही रुतला तर माती दाबून टाकतो. म्हणून घोडी. वय 11, उंची 16 हँड (एक हँड म्हणजे 4 इंच), वजन 800 किलोच्या वर.

सगळ्यात आवडले ते पाय. शायर, क्लाइड्सडेल या ओढकामाच्या दुसऱ्या जातींच्या पायाला केसांची झालर असते, दिसायला भारी पण चिखलात तिचे गोळे होतात, हिचे पाय साफ, संध्याकाळी पाच मिनिटात धुवून मोकळं. हे उगाच नाही, इथल्या शेतकऱ्यांनी याच मातीसाठी ही जात घडवली आणि बाहेर फारशी विकलीच नाही. आजच्या कुठल्याही सफोकचा बाप, आजा, पणजा करत मागे गेलात तर एकच घोडा निघतो, उफर्ड गावच्या थॉमस क्रिस्पचा, जन्म 1768. रंग तांबूसच, छटा सात, आणि इथली माणसं चेस्टनट (या तांबूस रंगाचं इंग्रजी नाव) च्या स्पेलिंगमधला पहिला टी मुद्दाम गाळतात, का ते विचारू नका.

आता त्रास. पहिली कॉलर (ओढताना जोर पडायला घोड्याच्या गळ्यात घालतात ते जाड कडं) सेकंडहँड घेतली, विकणारा म्हणाला बसेल, दोन आठवड्यात खांदा सोलला. माझ्या आधी वडिलांनी ओळखलं, व्हिडिओ कॉलवर, त्यांनी आयुष्यभर खिलार जोडी सांभाळलीय. महिनाभर काम बंद, मग मापाची बनवून घेतली, महाग पडली. खाणं अंगाच्या मानाने कमी हे खरंय, पण त्याचाच उलटा ताप, हिरव्या कुरणात मोकळी सोडली की फुगते आणि मग खुरं सुजायची भीती, म्हणून तार लावून तुकड्यातुकड्याने चारतो. नालबंदाला तर आधीच सांगावं लागतं, एवढ्या मोठ्या खुराचं काम सगळेच घेत नाहीत.

कोळपणी, वखरणी, लाकडं ओढणं एक नंबर, स्वभाव गरीब. नांगरट मात्र आमच्या रानात एकटीकडून होत नाही, जोडी पाहिजे. आणि जोडीला दुसरी शोधतोय तर मिळेना, ट्रॅक्टर आल्यावर या जातीची अशी वाट लागली की 1966 मधे अख्ख्या वर्षात 9 शिंगरांची नोंद झाली होती, त्यातून अजून सावरतायत. तोवर नांगरटीला शेजाऱ्याचा ट्रॅक्टरच, तोही जमीन वाळली तर.