प्लगइनला आयकॉन: आयता की घरचा?

लातूरला आमच्या फ्लेक्सच्या दुकानात लग्नसराईला बॅनरची रांग लागते, म्हणून गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरसाठी बॉर्डर टाकणारं छोटं प्लगइन (जोड-प्रोग्राम) पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं. अडलो आयकॉनवर. गिंपच्या सिम्बॉलिक, म्हणजे एकरंगी आयकॉनच्या, थीममधला आयता घेतला तर कोडमध्ये फक्त त्याचं नाव द्यायचं. थीम गडद केली की तो आपसूक पांढरा होतो. मी हौसेनं काढलेलं तोरण काळ्या रेघांचं, पीएनजीतलं, म्हणजे ठिपक्यांनी बनलेलं. गडद थीमवर पार गायब! एसव्हीजीत, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांच्या फाइलीत, केलं तर मोठं करून फाटत नाही, पण त्यात अख्खी दुपार जाते.

मदतीचं म्हणाल तर गिंपच्या हेल्पमधला प्रोसिजर ब्राउझर (कोडमध्ये वापरायच्या आज्ञांची यादी) रूक्ष आहे, पण लाइट गेल्यावरही लॅपटॉपवर चालतो. नेटवरची उत्तरं सोपी. मात्र बरीचशी गिंपच्या जुन्या २.१० आवृत्तीची, आणि २०२५ च्या ३.० मध्ये त्यांतला जुन्या पायथन २ चा कोड चालतच नाही.