अमेरिकेत करचुकवेगिरीचा आरोप: सीपीए की वकील?

आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, गुन्हे अन्वेषण विभागाचे एजंट दारात आले, की पहिला फोन सहसा सीपीएला, म्हणजे परवानाधारक अकाउंटंटला, जातो. वर्षानुवर्षं रिटर्न भरणारा घरचाच माणूस, शिवाय फी कमी. पण फौजदारी प्रकरणात त्याच्यापाशी मोकळं केलेलं मन गुप्त राहत नाही. सरकार त्यालाच साक्षीला उभं करू शकतं. करचुकवेगिरीसाठी अमेरिकी कर कायद्याच्या कलम ७२०१ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तिथे फीचा घोळ कसला घालायचा?

फौजदारी कर-वकील महागडा खरा, पण त्याच्याशी झालेल्या सल्लामसलतीला कायद्याचं संरक्षण असतं. आकडेमोडीसाठी तोच वेगळा अकाउंटंट नेमतो. १९६१च्या कोवेल निकालामुळे ते संरक्षण त्यालाही मिळू शकतं. ऐपत नसेल, तर आरोप दाखल झाल्यावर कोर्ट बचावासाठी वकील देतं.

आणि एजंटांना दारातच थापा मारू नका, तो वेगळा गुन्हा होतो.