सांगलीत स्कूबा शिकलो, कोर्सबद्दल थोडं
थिअरी आणि पूल ट्रेनिंग इथंच सांगलीत, शेवटच्या 4 डाइव्ह मालवणला. पूलमधलं ट्रेनिंग एक नंबर. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, वरची कड दाबून वर बघत नाकातनं हवा सोडायची की पाणी खालनं बाहेर, मला ते जमेना तर सरांनी तासभर फक्त तेवढंच करून घेतलं, एकदा पण आवाज चढवला नाही. श्वास कधीच रोखायचा नाही हे तर घोटवूनच घेतलं, कारण 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.

तक्रार एकच, रेग्युलेटरचं (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडात धरायचं रबर चावून फाटलेलं होतं, सांगितल्यावर बदललं पण आधीच बघायला पाहिजे होतं की.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे डाइव्ह झाल्यावर लगेच घाट चढू दिला नाही, अंगात नायट्रोजन साठलेला असतो, उंचावर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानाला 18 तास थांबतात तसंच थांबा म्हणले. मग मालवणातच मुक्काम केला आणि सकाळी नाष्टा करून फोंडा घाटानं निघालो. जाणार असाल तर 200 मीटर पोहायची आणि 10 मिनिटं तरंगायची प्रॅक्टिस आधीच करून जावा.