द आइस प्रिन्सेस की सन स्टॉर्म: एकच घ्यायचं तर

मेहुण्याने विचारलं की बर्फातली, आडगावातली, हाडं गोठवणारी अशी एखादी मर्डर मिस्ट्री सांग, आणि लेखकाची पहिलीच कादंबरी हवी कारण सिरीज मधूनच धरली की त्याला लग्नात उशिरा पोचल्यासारखं होतं, सगळे एकमेकांना ओळखतात आणि हा एकटाच कोपऱ्यात. मी म्हटलं दोन आहेत, दोन्ही स्वीडिश, दोन्ही २००३ सालच्या, दोन्हींत एक बाई शहरातून आपल्या गावी परत येते आणि तिच्या ओळखीतल्या कुणाचा तरी खून झालेला असतो. एक कॅमिला लॅकबर्गची ‘द आइस प्रिन्सेस’, दुसरी ओसा लार्सनची ‘सन स्टॉर्म’. मीही याच दोघींत अडकलो होतो, शेवटी दोन्ही वाचल्या, त्यामुळे आता बोलायचा थोडाफार हक्क आहे. (कुणीतरी आइसलंडवाली ‘स्नोब्लाइंड’ सुचवेलच. चांगली आहे, पण इंग्रजीत पहिली आली म्हणून ती पहिली होत नाही, त्या लेखकाची मूळ भाषेत आधी एक आलेली होती. मेहुण्याची अट म्हणजे अट.)

आणि हो, ही लार्सन म्हणजे ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ लिहिणारा स्टीग लार्सन नव्हे. त्याचं पहिलं पुस्तक २००५ चं, म्हणजे या दोघी त्याच्या आधीच्या.

आधी आइस प्रिन्सेस, कारण मी ती आधी वाचली. मे महिना, सासुरवाडी जळगाव, दुपारचं बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, कूलर घरघरतोय आणि मी त्याच्यासमोर उताणा पडून स्वीडनमधला बर्फ वाचतोय. सुरुवात एकदम जबरी आहे. बंद घरातलं हीटिंग बंद पडलेलं, बाथटबमध्ये बाईचा मृतदेह, पाणी गोठून बर्फ झालेलं. एरिका फाल्क ही तिची लहानपणची मैत्रीण. लेखिका आहे, चरित्रं लिहिते, सध्या सेल्मा लागरलॉफ या जुन्या स्वीडिश लेखिकेवर काम चालू आहे आणि ते पुढे सरकत नाहीये. आईवडील अपघातात गेलेत, त्यांचं घर आवरायला ती गावी आलीये. गाव म्हणजे फ्येलबाका, पश्चिम किनाऱ्यावरचं हजारेक वस्तीचं, लेखिकेचं स्वतःचं गाव. पूर्वी मासेमारीचं, आता उन्हाळ्यात पर्यटकांनी ओसंडून वाहतं आणि हिवाळ्यात अर्ध्या घरांना कुलूप. सिनेनटी इन्ग्रिड बर्गमन उन्हाळ्यात तिथल्या एका बेटावर राहायला यायची, गावातल्या चौकाला तिचं नाव आहे. आपल्याकडे कोकणात मुंबईकरांनी बांधून ठेवलेले बंद बंगले असतात ना, गणपती आणि मे सोडला तर दिवासुद्धा लागत नाही, ती सगळी चिडचिड या पुस्तकात आहे आणि ती अगदी खरी वाटते.

माझ्या बायकोला हीच कादंबरी जास्त आवडली हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ती नंतर बोलेल. तिचं म्हणणं, खून राहू दे बाजूला, त्या घराची गोष्ट बघ. एरिकाच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा आईबापाच्या घरावर डोळा आहे, विकून टाकू म्हणतोय, बहीण त्याच्यापुढे गप्प, आणि एरिका त्याच घरात बसून चहाच्या कपापासून प्रत्येक वस्तूकडे बघतेय. वाटण्यांच्या वेळी जावई किती मोजमापं घेतो हे ज्याच्या घरात झालंय त्याला यात समजावून सांगावं लागत नाही. शिवाय एरिकाचं वजन, डाएटचे पॉइंट मोजणं, पॅट्रिक नावाच्या पोलिसाबरोबर जुळत जाणं, हे सगळं हलकंफुलकं आहे. पॅट्रिकचा साहेब मेलबर्ग तर अफलातून. टकलावर उरलेले चार केस गुंडाळून ठेवतो, ते घसरले की पुन्हा वर, आणि स्वतःला मोठ्या शहरातून या खेड्यात फेकलेला हिरा समजतो. असा एक साहेब प्रत्येक ऑफिसात असतो.

इथपर्यंत सगळं छान. आता माझी तक्रार, आणि खरं सांगायचं तर माझा निर्णय या एकाच गोष्टीवर झाला.

माझी प्रत जुनी, फुटपाथवरून घेतलेली, पाठीला सेलोटेप. मध्यावर कुठेतरी एका पात्राच्या हाताला काहीतरी लागतं, ते पात्र बघतं, एकदम चमकतं, त्याला सगळा उलगडा व्हायला लागतो. मी पान उलटलं तर वेगळाच सीन, वेगळीच माणसं, जेवण चाललंय. मला वाटलं पान गळलं. सेलोटेपवाल्या प्रतीचं काय सांगावं, यापूर्वी एकदा माझं खुनी कोण तेच पान गेलेलं आहे. उठून बसलो, पानांचे आकडे बघितले, बरोबर ओळीने. मागचं पान परत वाचलं. पुढचं परत वाचलं. चष्मा पुसून परत. मग शिवणीत बोट घालून बघितलं की दोन पानं चिकटलीत का. सासूबाई दारातून म्हणाल्या, जावईबापू, पैसे ठेवलेत का त्यात? आणि मग ट्यूब पेटली की पान गेलेलं नाही, बाईंनी सांगितलेलंच नाहीये. पात्राला कळलं, आपल्याला नाही. आपण तिथेच खोलीत उभे आहोत, त्याच्या खांद्यावरून बघतोय, त्याच्या मनातले डाएटचे विचारसुद्धा आपल्याला ऐकू येतायत, आणि नेमका त्या क्षणी आपल्या डोळ्यांवर हात.

एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हे परत होतं. कोणीतरी फोनवर काहीतरी ऐकतं, चेहरा उतरतो, चॅप्टर संपला. कोणीतरी मनात दोन गोष्टी जोडतं, अच्छा म्हणजे असं आहे तर, चॅप्टर संपला. याला सस्पेन्स म्हणायचं का, मला शंका आहे. लहानपणी वजाबाकी करताना हातचा घ्यायचो तो निदान डोक्यावर लिहून तरी ठेवायचो. इथे बाई हातचं राखून ठेवतात आणि वर आपल्यालाच विचारतात की उत्तर चुकलं कसं. मिस्ट्री वाचणाऱ्याचा एक साधा हट्ट असतो, डिटेक्टिव्हला जे दिसलं ते मलाही दिसू दे, मग मी मूर्ख ठरलो तरी चालेल. मूर्ख ठरायलाच तर पैसे देतो आपण.

कदाचित मी जास्त ताणतोय. या पुस्तकाला २००८ मध्ये फ्रान्समध्ये गुन्हेकथांचा मोठा पुरस्कार मिळालाय, आणि लॅकबर्ग आज केवढी मोठी लेखिका आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा बहुतेक लोकांना हे खुपत नसावं. इंग्रजी भाषांतर स्टीव्हन मरीचं, त्यानेच दुसऱ्या नावाने ड्रॅगन टॅटूची तिन्ही पुस्तकं केलीत. वाचायला कुठे अडत नाही.

आता सन स्टॉर्म. ही हातात घेताना मी जरा रागातच होतो, म्हणजे स्वीडिश लोकांवरच.

रेबेका मार्टिन्सन स्टॉकहोममध्ये वकील आहे, तीही टॅक्सची. सकाळी रेडिओवर बातमी ऐकते की किरुनामध्ये चर्चमध्ये एका तरुणाचा खून झालाय. हा व्हिक्टर म्हणजे त्या भागातला जवळजवळ देवमाणूस, लहान वयात मरणाच्या दारातून परत आलेला, त्यावर पुस्तक लिहिलेला, लोक लांबून त्याला बघायला यायचे. त्याची बहीण रेबेकाची जुनी मैत्रीण, ती फोन करते, ये म्हणते. आणि रेबेकाला त्या गावात परत पाऊल ठेवायची अजिबात इच्छा नाही, कारण तिथून ती कशी बाहेर पडली ते तिचं तिला माहीत. तरी जाते.

किरुना म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्याही वर साधारण १४५ किलोमीटर. लोखंडाच्या खाणीचं गाव, आणि खाणीने जमीन पोखरल्यामुळे गावाचा मोठा भाग उचलून बाजूला न्यायचं काम चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं जुनं लाकडी चर्च, ६७२ टन वजनाचं, चाकांवर ठेवून ५ किलोमीटर सरकवलं, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. (कादंबरीतलं चर्च ते नव्हे, ते काल्पनिक आहे.) डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. रात्री गाड्या मोबाइलसारख्या प्लगला लावून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिन ऐकत नाही. लेखिका याच गावात वाढली आणि तीसुद्धा टॅक्सची वकील होती. तिच्या आजोबांनी १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्कीइंगचं गोल्ड मिळवलंय, म्हणजे बर्फ घराण्यातच.

आणि तो फरक पानापानावर कळतो. आइस प्रिन्सेसमध्ये बर्फ सुरुवातीला खून करायला येतो आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर उभा राहतो. सन स्टॉर्ममध्ये थंडी सतत कामात आडवी येते. रेबेका मैत्रिणीला आणि तिच्या दोन मुलींना घेऊन गावाबाहेर कुराव्हाराला, आजीच्या जुन्या घरी जाते, तर आधी घर तापवायला हवं, मग बाकीचं. शेजारी सिव्हिंग नावाचा म्हातारा आहे, बायको गेल्यावर हा स्वतःच्या घरात वरच्या खोल्या सोडून खाली बॉयलरच्या खोलीत राहायला लागलाय, कुत्रीसकट. तेवढं पुरतं म्हणतो. मला खूनबिन बाजूला ठेवून त्या म्हाताऱ्याचंच अजून दोनशे पानं वाचायला आवडलं असतं. आमच्या गल्लीत एक आजोबा असेच होते, तीन मजली घर आणि हे जिन्याखालच्या खाटेवर.

तपास करणारी अ‍ॅना-मारिया मेला दिवस भरत आलेली गरोदर आहे, तिला टेबलाशी बसायला सांगितलंय आणि ती बसत नाही. तिच्याबद्दल फार रडगाणं नाही, पाय सुजलेत, चालतेय. विषय म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बुवाबाजी. लहान गाव, सगळं एका मंडळीच्या मुठीत, पाद्री लोकांचं गोड बोलणं, आणि भक्तीच्या आडून फिरणारा पैसा. रेबेका टॅक्सवाली असल्यामुळे तो पैसा तिला वाचता येतो. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे सगळं परकं वाटायचं कारणच नाही, फक्त स्वेटर घालून बुवाबाजी आहे एवढंच. बरं, देव मानणाऱ्यांची टिंगल नाही केलेली, रेबेकाला स्वतःला त्या गाण्यांची, त्या माणसांची आठवण येते, तिथे जरा गलबलतं.

मुख्य म्हणजे हातचं राखणं नाही. म्हणजे रेबेका आपला भूतकाळ लगेच सांगत नाही, तो हळूहळू येतो, पण ते वेगळं, माणूस दुखणं लगेच उघडं करत नाही. नवीन काही सापडलं की ते तुमच्यासमोर सापडतं. मी एकदाही पानांचे आकडे तपासले नाहीत. माझ्यापुरतं हेच मोजमाप.

दोष नाहीत असं नाही. खुनी मला अर्ध्याच्या थोडं पुढे अंदाजाने आला होता, बायकोला त्याच्याही आधी. शेवटाला मारामारी जरा जास्तच, आधीच्या संथपणाला न शोभणारी. हसू फार कमी येतं, मेलबर्गसारखा कोणी नाही, एक सरकारी वकील आहे मिजासखोर पण त्याचा राग येतो, हसू नाही. आणि ती व्हिक्टरची बहीण, सान्ना, तिला दोन थोबाडीत द्याव्यात असं अनेकदा वाटतं, अर्थात ते लेखिकेला वाटायलाच हवं असेल. २००३ साली स्वीडनच्या गुन्हेकथा अकादमीने हिला सर्वोत्तम पदार्पणाचं बक्षीस दिलं, त्या वर्षीच्या पदार्पणांत आइस प्रिन्सेसही होती हे जाता जाता सांगतो, माझं काही म्हणणं नाही.

घेताना एक सांभाळा. सन स्टॉर्म हे अमेरिकेतलं नाव, ब्रिटिश आवृत्तीचं नाव ‘द सॅव्हेज ऑल्टर’. पुस्तक तेच, भाषांतरही तेच मार्लेन डेलार्जीचं. मी लार्सनबाईंचं अजून एक मिळालं म्हणून आनंदाने दुसरं मागवलं, पहिल्याच पानावर व्हिक्टर पुन्हा मरायला लागला. बरं, पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की हा माणूस काही पहिल्यांदा मरत नाहीये, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मला तो जोकच वाटला. परत करायची मुदत संपलेली.

तेव्हा ट्रेनमध्ये, घरात पाहुणे असताना, मधूनमधून वाचणार असाल तर आइस प्रिन्सेसने फार बिघडणार नाही, माणसं गोड आहेत आणि पुढे सिरीजही लांबलचक आहे. पण कोडं सोडवायला बसणार असाल, आणि थंडी खरोखरची हवी असेल, तर मी तरी किरुनाचं तिकीट काढेन.

मेहुण्याला मी दोन्ही दिली, सन स्टॉर्मची जास्तीची प्रत होतीच. त्याने अर्थातच माझं ऐकलं नाही, बहिणीचं ऐकलं आणि आइस प्रिन्सेस आधी उघडली. परवा रात्री साडेअकराला फोन आला, भावजी, झोपलात का, ते तुमच्या पुस्तकातलं मधलं एखादं पान पडलंय का हो?