मुलांसोबत मण्यांचे दागिने: तयार किट, सुटे मणी की घरी वळलेले कागदी मणी?

सुट्टीत मुलांना माळा, ब्रेसलेट करायला बसवायचं म्हटलं की नाशिकमध्ये साधारण तीन वाटा समोर येतात. कॉलेज रोडवरून तयार किट आणायचं, मेन रोड-दहीपूल भागात फिरून सुटे मणी घ्यायचे किंवा घरीच कागदाचे मणी वळायचे. कुठलीही वाट धरा, मण्याच्या रंगाआधी त्याचं भोक बघा. दोरा चटकन आत जात नसेल तर कितीही देखणा मणी असला तरी पोरं दहा मिनिटांत उठून जातात.

किटमध्ये हा प्रश्न बहुतेक सुटलेला असतो. मणी आणि इलॅस्टिक एकमेकांच्या मापाचे असतात, कप्प्यांची पेटी असते, त्यामुळे आवरायलाही सोपं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे; ते आणि वयोगट खोक्यावर पाहून घ्या. वाढदिवसाची भेट म्हणून किट उत्तम. घरच्या वापराला मात्र ते लवकर अपुरं पडतं, विशेषतः अक्षरांचे मणी. अक्षरं इंग्रजी, आणि आपल्या नावांना ‘ए’ लागतात भरमसाट. अनन्याला तीन, अथर्वला तीन. दोघं एका पेटीवर बसले की तिसऱ्या पोराचं नाव अर्धवट राहणार आणि भांडण ठरलेलं.

सुटे मणी स्वस्त पडतात, मनासारखे रंग मिळतात, पण निवड आपल्यावर येते. काचेच्या बारीक मण्यांना नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटर रुंद, ८ नंबरचा ३, ६ नंबरचा ४; दोऱ्यावर मात्र तो रुंदीपेक्षा कमी जागा घेतो. आता हिशोब करा. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या ब्रेसलेटला १५ सेंटीमीटर ओवायचं धरलं, तर ११ नंबरचे शंभराहून जास्त मणी लागतील. रुंद भोकाचे प्लॅस्टिकचे जाड मणी ओवल्यावर प्रत्येकी ६ मिलिमीटर जागा घेतात, म्हणजे पंचवीसांत काम झालं. पंचवीस मणी पहिलीतलं मूल एका बैठकीत ओवतं. शंभरांना दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा सरावलेला हात हवा, शिवाय बारीक सुई हवी.

दुकानात जाताना आपला दोरा खिशात घेऊन जा आणि चार-पाच मणी तिथेच ओवून पाहा. स्वस्त प्लॅस्टिकच्या मण्यांत साच्यातून निघताना भोकाच्या कडेला पापुद्रा राहतो. वरून मणी ठीक दिसतो, पण दोरा अर्ध्यावर अडतो, टोकाची दशी सुटते आणि मूल पुन्हा पुन्हा ते टोक तोंडात घालून ओलं करत बसतं. असे मणी जास्त निघाले तर ती पिशवी राहू द्या. काचेचे मणी चकाकतात, पण तुटलेल्या मण्याची कड दोरा कापते, म्हणून लहानांच्या इलॅस्टिकसाठी मी ते घेत नाही.

रामकुंडाजवळ तुळशीच्या, रुद्राक्षाच्या माळा मिळतात. त्या सोडवून लाकडी मणी वापरायचा मोह होतो, पण तुळशीच्या मण्याचं भोक बारीक असतं आणि जपाची माळ पोरांच्या खेळासाठी तोडणं घरातल्या आजींना रुचेलच असं नाही. विचारून घ्या! बियांचे मणी करायचे तर वाळवलेल्या भोपळ्याच्या बिया चांगल्या, सुईने भोक पाडून देण्याचं काम मोठ्यांचं. लालबुंद, काळ्या ठिपक्याची गुंज मात्र अजिबात नको. सराफांनी सोनं तोलायला वापरलेली तीच ही बी, पण आत जहाल विष असतं आणि भोक पाडल्यावर धोका वाढतो.

दोऱ्यांत इलॅस्टिक सगळ्यात सोपं, कारण फासा लागत नाही. ०.८ ते १ मिलिमीटरचं घ्या, ओवण्याआधी दोन-चारदा ताणा (नाहीतर दोन दिवसांत ब्रेसलेट सैल पडतं), गाठ दुहेरी वेढ्याची मारा, वर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब टाका आणि ती शेजारच्या मोठ्या मण्यात सरकवा. तंगूस ताठ असल्यामुळे सुईशिवाय ओवता येतो, पण त्याची गाठ निसटते, म्हणून शेवट मोठ्यांच्या हातचा. साधा सुती दोरा लांब माळेला छान. त्याचं टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवलं की तेच सुईसारखं ताठ होतं. आणि आजीची खरी पोत तुटली असेल तर ती इथे आणू नका, ती सराफ बाजारात पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावी.

कागदी मण्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. जुन्या मासिकाच्या गुळगुळीत कागदाची लांब त्रिकोणी पट्टी कापायची, रुंद बाजू दोन सेंटीमीटर. रुंद टोकापासून टूथपिकवर घट्ट गुंडाळायची आणि निमुळत्या टोकाला फेव्हिकॉल लावायचा. मध्ये फुगीर मणी तयार होतो, भोक आपल्या मापाचं. लग्नपत्रिकेचा जाड कागद वळत नाही. पावसाळ्यात हे मणी दमट राहतात, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत लवकर वाळतात. ज्याला ओवण्यापेक्षा घडवण्यात रस आहे त्याच्यासाठी माझी पसंती यालाच.

पहिली-दुसरीतलं एकच मूल असेल तर सुटे जाड मणी आणि इलॅस्टिक घ्या. इमारतीतली आठ-दहा मुलं जमणार असतील तर किट नको, रंगवार वाट्यांत सुटे मणी ठेवा आणि प्रत्येकाला काठ असलेलं ताट द्या, मणी घरंगळत नाहीत. तिसरीच्या पुढच्यांना कागदी मणी आधी दोन दिवस वळायला लावा आणि मधूनमधून ६ नंबरचा काचमणी ओवायला द्या, माळ एकदम उठून दिसते. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर यातलं काहीही ते झोपल्यावरच काढायचं, आणि खाली पडलेले मणी ते उठायच्या आत मोजून परत डब्यात.